नाशिकमध्ये राहून अव्वल खेळाडूंचा फिजिओ कसं व्हायचं?

नडगी_पोटरी

नमस्कार मंडळी. बीपीटीएचच्या, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीच्या, शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेज नाशिकमधलंच. पुढे खेळाडूंसोबत काम करायचंय, तेही राष्ट्रीय पातळीवरच्या. घरचे म्हणतात कॉलेज रोडला क्लिनिक टाक, गुडघेदुखीचे पेशंट कधी संपत नाहीत. त्यांचंही खोटं नाही, पण तरी विचारते.

एमपीटीएच (पुढची पदव्युत्तर पदवी) स्पोर्ट्समध्येच करायला हवं की मस्क्युलोस्केलेटल (हाडं-स्नायूंची शाखा) चालतं? ड्राय नीडलिंग (स्नायूत सुई टोचणं), कपिंग (कातडीवर पेले ओढून बसवणं), किनेसिओ टेपिंग (ताणणारी रंगीत टेप) यांचे दोन-दोन दिवसांचे कोर्स दर शनिवार-रविवारी कुठे ना कुठे असतात, त्यातला कोणता करावा? मुंबई-पुण्याला न जाता इथे खरा अनुभव कुठे मिळेल? आणि शिबिरात फिजिओ दिवसभर नक्की करतो काय, हे कुणीतरी नीट सांगा.

गंगापूर_रोड

आधी कागदपत्रांचं. इंटर्नशिप संपली की ओटीपीटी कौन्सिलची (राज्याची ऑक्युपेशनल थेरपी-फिजिओथेरपी परिषद) नोंदणी लगेच करून टाक. साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) असो, राज्य संघटना असो की लीगचा संघ, पहिला कागद तोच मागतात आणि अनुभवाची वर्षंही बऱ्याच ठिकाणी त्या तारखेपासून धरतात.

शाखेचं म्हणशील तर स्पोर्ट्स मिळालं तर उत्तमच, पण मस्क्युलोस्केलेटलने काही अडत नाही. पाटीवर काय लिहिलंय त्यापेक्षा ओपीडीत कोण येतं ते बघ. प्रवेश घेण्याआधी त्या विभागात दोन दिवस जाऊन बस आणि एकच गोष्ट मोज: एसीएलची (गुडघ्यातला एक मुख्य लिगामेंट) शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सहाव्या महिन्यानंतरही किती जण येत राहतात. बहुतेक ठिकाणी गुडघा पूर्ण वाकला, जिना उतरता आला की पेशंट गायब. मैदानावर परत जायचं काम तर तिथून सुरू होतं, आणि नेमकं तेच शिकायचं राहून जातं. महाराष्ट्राबाहेर जायची तयारी असेल तर अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठात क्रीडा वैद्यक आणि फिजिओथेरपीचा विभाग आहे, तोही बघून ठेव.

कोर्सबद्दल माझं मत जरा कडू आहे. रिओ ऑलिंपिकमध्ये फेल्प्सच्या खांद्यावरचे लाल गोल टीव्हीवर दिसले आणि तेव्हापासून कपिंगची दुकानं निघाली. शिकायला हरकत नाही, पण निवड त्यावर होत नाही. सगळ्यात आधी सीपीआर आणि एईडीचं (हृदय बंद पडल्यास शॉक देणारं यंत्र) प्रशिक्षण घे, कारण मैदानावर डॉक्टर पोहोचेपर्यंत तूच असतेस. मग वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्था) ॲडेल या संकेतस्थळावरचे उत्तेजकविरोधी कोर्स आणि फिफाचा फुटबॉल मेडिसिनचा डिप्लोमा. दोन्ही ऑनलाइन आणि फुकट आहेत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचा स्पोर्ट्स फिजिकल थेरपीचा दोन वर्षांचा डिप्लोमाही घरबसल्या होतो, पण त्याला चांगले पैसे लागतात. तो कामाला लागल्यावर बघ.

ट्रॅकवरची_सकाळ

शिबिरातल्या दिवसाचं मी लिहितो.

लोकांना वाटतं फिजिओ म्हणजे टेबल, तेल आणि मसाज. मसाज असतोच, संध्याकाळी रांग लागते. पण तुला पगार कशाचा मिळतो, तर सकाळी साडेसहाला कोच विचारतो "आज ही पळेल का?" त्याच्या उत्तराचा. हो म्हणालीस तर का, नाही म्हणालीस तर किती दिवस नाही आणि तोवर तिने काय करायचं, हे आकड्यात सांगता आलं पाहिजे. "थोडं दुखतंय, आराम कर" हे तर तिच्या आईनेही सांगितलं असतं.

आकडे साधेच असतात. सराव संपल्यावर साधारण अर्ध्या तासाने प्रत्येकाला विचारायचं, शून्य ते दहामध्ये आजचा सराव किती जड गेला? उत्तराला सरावाच्या मिनिटांनी गुणायचं. ६० मिनिटं आणि ७ म्हणजे ४२०. आठवड्याची बेरीज वहीत मांडायची. मागच्या आठवड्यांपेक्षा बेरीज एकदम उडी मारते तिथे बोट ठेवायचं. त्यावर चालू आठवडा भागिले मागचे आठवडे अशा गुणोत्तरांची बरीच शास्त्रं निघाली आणि त्यांवर टीकाही झाली. तू गुणोत्तराच्या नादी लागू नकोस, नुसती उडी ओळखली तरी पुष्कळ. सोबत रोज सकाळी झोपेचे तास, कुठे दुखतं आणि किती, मुलींना पाळीची तारीख. पाच मिनिटांचं काम, पण रोज.

आता नाशिकचं. इथे तुला जे शिकायला मिळेल ते पुण्यातही सहज मिळणार नाही, ते म्हणजे लांब पल्ल्याचे धावपटू. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुलमध्ये १०,००० मीटरला ब्राँझ आणले, त्यानंतर हरसूल, पेठ, सुरगाण्याच्या पोरी भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर पळताना दिसणं नवीन राहिलं नाही. आणि या पोरींचं ठरलेलं दुखणं म्हणजे नडगी.

नडगी दुखते म्हणून आलेल्या मुलीला सरसकट "शिन पेन" म्हणून बर्फ देणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. तिला बसव, पाय मोकळा सोड, आणि नडगीच्या आतल्या कडेने घोट्याकडून वर एका बोटाने दाबत जा. दुखरा भाग पाच सेंटीमीटर किंवा त्याहून लांब पट्टाभर पसरलेला असेल, सरावाच्या सुरुवातीला दुखून अंग तापल्यावर कमी होत असेल, तर बहुधा हाडाच्या कडेचा ताण. तो आठवड्याचं अंतर कमी करून, पोटरीची ताकद वाढवून आवरतो. पण एका बोटाखाली मावेल एवढीच जागा असेल, पळताना दुखणं वाढतच जात असेल, रात्री झोपेत ठणकत असेल, तर हाडालाच तडा जाण्याची सुरुवात समज आणि पळणं त्याच मिनिटाला थांबव. एका पायावर उड्या मारून बघायचा मोह आवर. हाड बोटाखाली दुखतंच आहे, तर त्याच्यावर उड्या कशाला?

काही जागा मुळातच धोक्याच्या. नडगीची पुढची कडा, पावलातलं नेव्हिक्युलर हाड, आणि जांघेत दुखणं म्हणजे मांडीच्या हाडाची मान. यातलं काही वाटलं तर तुझा अधिकार संपला. कुबड्या दे आणि त्याच दिवशी ऑर्थोकडे पाठव.

कोच_पंचवटी

मध्येच विचारतो, माफ करा. आमच्याकडच्या एका मुलीचा एक्स-रे काढला, रिपोर्ट नॉर्मल आला. आठ दिवस झालेत दुखायला लागून. पंधरा दिवसांनी स्पर्धा आहे. मग पळवायला हरकत नाही ना?

ट्रॅकवरची_सकाळ

हरकत आहे, सर. हाडाला जाऊ लागलेला तडा एक्स-रेत पहिले दोन-तीन आठवडे बहुतेक वेळा दिसतच नाही. जे दिसतं ते हाड भरून यायला लागल्याची खूण असते, तडा नव्हे. लवकर कळायचं तर एमआरआय. खर्च जड वाटत असेल तर निदान होईपर्यंत ते हाड तडकलंय असंच धरून चाला. स्पर्धा सोडून द्या. आता थांबवलं तर काही आठवड्यांचा प्रश्न आहे, पूर्ण तुटलं तर हंगाम गेला.

परत पळवण्याचा क्रम असा. आधी सलग ३० मिनिटं भरभर चालून पाहायचं, तेव्हाही आणि दुसऱ्या दिवशीही काही दुखलं नाही पाहिजे. हाडावर बोट दाबून दुखत नाही हेही हवं. मग एक दिवसाआड, सपाट मातीवर: एक मिनिट हळू पळणं, चार मिनिटं चालणं, असे सहा फेरे. ते पचलं की दोन-तीन, मग तीन-दोन, मग चार-एक, मग सलग ३०. आधी अंतर वाढवायचं, वेग सगळ्यात शेवटी, आणि दोन्ही एकाच आठवड्यात वाढवायचे नाहीत. गाडी नेहमी इथेच उलटते. सलग ३० मिनिटं पळता आली की मुलीला बरं वाटतं आणि रविवारी ती गुपचूप बाकीच्यांबरोबर ४०० मीटरचे वेगवान रिपीट मारून येते.

दुखण्याचा नियमही वेगळा आहे. टाचेमागच्या जाड दोरीचं (अकिलीस टेंडन) दुखणं असेल तर व्यायामात दहापैकी तीनपर्यंत दुखलं तरी चालतं, दुसऱ्या सकाळी पूर्ववत झालं म्हणजे झालं. हाडाला ही सूट नाही. तिथे शून्य म्हणजे शून्य.

आणि सर, तिला पाळी येते का हे कुणीतरी बाईमाणसाने विचारा. तीन महिने आली नसेल तर दुखणं नडगीत असलं तरी कारण ताटात आहे. पहाटे दोन तास पळून चहा-बिस्किटावर कॉलेज गाठायचं आणि दुपारी भाकरी, असं चाललं तर हाड भरून यायला अंगात काही उरतच नाही. ऑलिंपिक समितीने याला २०१४ मध्ये रेड-एस (खेळाडूच्या अंगातला ऊर्जेचा तुटवडा) हे नाव दिलं. फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व तपासून घ्या आणि पळून आल्यावर अर्ध्या तासात पोटात काहीतरी जाईल असं बघा. दोन अंडी आणि भाकरी, नाहीतर शेंगदाणे-गूळ आणि दूध.

नडगी_पोटरी

हे सगळं कॉलेजात एकाही वर्षी ऐकलं नव्हतं. धन्यवाद. मग टेपिंग अजिबात शिकायचं नाही का?

निफाडची_थंडी

शिकायचं, पण रंगीत टेप नव्हे, पांढरी न ताणणारी ३८ मिलिमीटरची झिंक ऑक्साइड टेप आधी. कबड्डी-खो-खोत घोटा मुरगळणं रोजचं आहे आणि मागच्या वर्षी मुरगळलेल्या घोट्याला टेप लावल्याने पुन्हा मुरगळणं खरंच कमी होतं.

खेळाडूला टेबलावर बसव, पोटरी अर्धी बाहेर. पाऊल नव्वद अंशांत, आणि ते त्यानेच तसं धरून ठेवायचं. पोरं गप्पा मारता मारता पाऊल खाली सोडतात आणि त्या स्थितीत लावलेली टेप बिनकामाची होते, म्हणून दर दोन पट्ट्यांनी बघ. केस काढलेले, कातडी कोरडी. टाचेमागे आणि घोट्यासमोर व्हॅसलिनचा छोटा गोळा, वरून अंडररॅपचा (टेपखालचा पातळ फोम) एकच थर. घोट्याच्या गाठीच्या वर साधारण दहा सेंटीमीटरवर दोन बांधपट्ट्या, न आवळता. मग आतून सुरू करून टाचेखालून बाहेर वर खेचत नेणाऱ्या तीन पट्ट्या, प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर अर्धी चढलेली. दिशा उलटी झाली तर तूच घोटा मुरगळायच्या बाजूला ओढतेस. त्यावर टाच दोन्ही बाजूंनी अडवणारे हील लॉक, मग उरलेल्या फटी बंद. शेवटी अंगठ्याचं नख दाबून सोड, दोन सेकंदांत लाली परत आली पाहिजे. करंगळीच्या बाजूला पावलाच्या मध्याशी हाड वर आलेलं असतं, तिथे टेप घट्ट झाली की दहा मिनिटांत खेळाडू बुटाची नाडी सोडायला बसतो. चुणी पडली तर तिथे फोड येणार, पट्टी काढ आणि नवीन लाव.

अर्ध्या तासाच्या खेळात टेपचा ताण बराच सैलावतो. म्हणून सामन्याच्या तासभर आधी लावून "झालं काम" म्हणू नकोस, वॉर्मअपच्या तोंडावर लाव. एका घोट्याला साधारण अर्धा रोल जातो. बारा जणांच्या कबड्डी संघातले सहा जण टेप लावणारे धर, दोन्ही घोटे, रोज एक सामना, चार दिवसांची स्पर्धा. म्हणजे २४ रोल. संघटना सहा रोल देते. बाकीचे कोण आणणार हे बसमध्ये चढायच्या आधी ठरव, गावाबाहेर ऐनवेळी मिळत नाहीत.

थंडीचंही एक. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा चार-पाच अंशांपर्यंत जातो, नाशिकातही पहाटे बोटं वळत नाहीत. त्या दिवसांत खो-खोची पोरं पंधरा मिनिटांचा वॉर्मअप सात मिनिटांत उरकून खांबाकडे सूर मारतात आणि हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) ओढून बसतात. हिवाळ्यात वॉर्मअप किमान वीस मिनिटं, शेवटी तीन-चार वाढत्या वेगाच्या धावा, आणि बेंचवरच्यांच्या अंगावर जॅकेट.

गंगापूर_रोड

वर एसीएलचा उल्लेख केला होता, पुरा करतो. कबड्डीत चढाईवाल्याचा पाय पकडीत अडकतो आणि अंग फिरतं, त्यामुळे हा पेशंट तुला भेटणारच. नऊ महिन्यांच्या आत खेळात परत पाठवायचं नाही. सहा महिन्यांनी तो म्हणेल "आता काहीच दुखत नाही", आणि तो खरंच बोलत असेल. पण न दुखणं ही परीक्षा नाहीच. मांडीची ताकद डायनॅमोमीटरवर (ताकद मोजायचं यंत्र), एका पायाची लांब उडी, तिहेरी उडी, आडवी-तिडवी उडी, सगळ्यांत दुखऱ्या पायाने चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के करून दाखवलं पाहिजे.

यातली मेख अशी की नऊ महिन्यांत चांगला पायही बारीक झालेला असतो. दोन्ही कमजोर पाय एकमेकांशी बरोबरीत आले की ९५ टक्के निघतात आणि सगळे टाळ्या वाजवतात. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधीच चांगल्या पायाचे आकडे लिहून ठेव. आणि उडीत नुसतं अंतर मोजू नकोस, उतरताना गुडघा आत झुकतो का ते मोबाइलवर हळू गतीने बघ.

घाई न केल्याचं उदाहरण हवं तर नीरज चोप्राचं घे. मे २०१९ मध्ये कोपराची शस्त्रक्रिया, स्पर्धेत परत थेट जानेवारी २०२० मध्ये, आणि पहिल्याच स्पर्धेत ८७.८६ मीटर फेकून टोकियोची पात्रता. मधली जागतिक स्पर्धा सोडून दिली होती.

सलाईन_नको

उत्तेजकांचा विषय कुणीच काढला नाही, आणि करिअर तिथेच संपतं. खेळाडूचं तर संपतंच, तुझंही. वाडाच्या नियमांत फिजिओ हा सपोर्ट स्टाफ, त्यालाही बंदी होते.

आपल्याकडची पहिली चूक म्हणजे सलाईन. थकवा आला, ताप आला की गल्लीतला दवाखाना एक बाटली लावून देतो. सलाईनमध्ये काहीही नसलं तरी बारा तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त शिरेतून देणं नियमबाह्य आहे. बाटली असते ५०० ची. रुग्णालयात रीतसर उपचार चालू असतील, शस्त्रक्रिया किंवा तपासणी असेल तर सूट आहे, "अशक्तपणा वाटतो म्हणून लावली" याला नाही.

दुसरी चूक खोकल्याचं औषध. मेडिकलवाला विचारल्यावर जी बाटली देतो, त्यातल्या बऱ्याच सिरपमध्ये टर्ब्युटालिन असतं. ते कायम बंदीत आहे, स्पर्धा असो वा नसो. बाटलीवरचं नाव वाचून उपयोग नाही, मागचे घटक वाच. तिसरी चूक, दुखऱ्या सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन. २०२२ पासून स्पर्धेच्या काळात ते कुठल्याही जागी टोचलं तरी बंदी. ट्रायॅमसिनोलोन स्नायूत दिलं तर अंगातून जायला ६० दिवस धरतात, म्हणजे इंजेक्शन आज आणि स्पर्धा पुढच्या महिन्यात हे गणितच बसत नाही. ट्रामाडोल २०२४ पासून स्पर्धेच्या काळात बंद. यादी दर १ जानेवारीला बदलते. गरजच असेल तर डॉक्टरांकडून आधी टीयूईचा (उपचारासाठीची सवलत) अर्ज, मग औषध.

तू स्वतः कुठलीही गोळी हातात ठेवू नकोस, पॅरासिटामॉलसुद्धा नाही. "फिजिओताईंनी दिली" हे वाक्य सुनावणीत ऐकायला फार वाईट वाटतं. आणि जिमवाल्याने दिलेल्या प्रोटीनच्या डब्याची जबाबदारी घेऊ नकोस. डब्यावर काहीही छापलेलं असो, नमुन्यात जे सापडेल ते खेळाडूचं.

निफाडची_थंडी

पैशाचं कुणी बोललं नाही म्हणून मी बोलतो. साईची भरती बहुतेक कंत्राटी, एकत्रित मानधनावर. आकडा जाहिरातीत असतो, पण कंत्राटात तीन गोष्टी शोध: मुदत किती आणि नूतनीकरण कशावर, प्रवासभत्ता वेगळा की मानधनातच, आणि विमा आहे का. लीगच्या संघांत हंगामापुरतं काम, काही आठवड्यांत चांगले पैसे, मग काही नाही. म्हणून पुष्कळ जण वर्षाचे आठ-नऊ महिने क्लिनिक आणि उरलेले संघ असं जुळवतात. घरच्यांना हे सांग, कॉलेज रोडचं क्लिनिक आणि खेळ हे एकमेकांच्या आड येत नाहीत. राष्ट्रीय शिबिरं मात्र पतियाळा, बेंगळुरू, तिरुवनंतपुरमला. ते हवं असेल तर वर्षातले दोनशे दिवस घराबाहेर राहायची तयारी ठेव.

नडगी_पोटरी

आणि इंटर्नशिप चालू असताना सुरुवात कुठून करू? दुपारी तीनपर्यंत वॉर्ड असतात.

ट्रॅकवरची_सकाळ

सकाळी सहा ते साडेसात, आठवड्यातून तीन दिवस, एकच मैदान आणि एकच कोच. भोसला, मीनाताई ठाकरे स्टेडियम किंवा केटीएचएम कॉलेजचा बोट क्लब, जे घराजवळ असेल ते. रोइंगवाल्यांकडे जाशील तर बरगड्या आणि कंबर शिकायला मिळेल, ते इथे फार कमी फिजिओंना येतं. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१८ च्या एशियाडमध्ये चौघांच्या नावेतून सुवर्ण घेऊन आला, म्हणजे खेळ काही परका नाही.

कोचला भेटशील तेव्हा "उपचार करते" म्हणू नकोस, "नोंदी ठेवते" म्हण. पहिले तीन महिने कुणालाही हात लावायचा नाही. वीस जणांची वही घाल: वय, प्रकार, मागच्या वर्षातल्या दुखापती, किती दिवस सराव बुडाला. प्रत्येकाची दोन मोजमापं घे. एका पायावर टाच उचलणं, मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर, एका ठोक्याला वर आणि एकाला खाली, गुडघा न वाकवता किती होतात. धावपटूला पंचवीसच्या आसपास यायला हवेत, आणि दोन्ही पायांत चार-पाचाहून जास्त फरक असेल तर लाल शाईने लिही. दुसरं, भिंतीकडे तोंड करून गुडघा भिंतीला टेकवायचा, टाच जमिनीवर, अंगठा भिंतीपासून किती सेंटीमीटर मागे जातो. दर सहा आठवड्यांनी पुन्हा.

कोच_पंचवटी सर, तुम्हाला वहीवाली हवी असेल तर इथेच सांगा.

कोच_पंचवटी

सोमवारी सहाला या ताई. ३२ मुलं आहेत, वही जाड आणा. त्या मुलीची स्पर्धेची एन्ट्री आजच काढून घेतो.